जीव वाचवला, पण माणूस उभा कोण करणार?

१५ जून २०२५ चा रविवार मावळ विसरलेला नाही. तळेगावजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळला. चार माणसे गेली, पन्नासच्या आसपास जखमी झाली. मंत्री आले, कॅमेरे आले. मृतांच्या वारसांना पाच लाख जाहीर झाले, जखमींच्या उपचाराचा खर्च सरकार करणार असेही जाहीर झाले. आठवड्याभरात बातमी संपली.

आमचा प्रश्न त्या शेवटच्या वाक्याबद्दल आहे. उपचाराचा खर्च म्हणजे कुठपर्यंतचा? रुग्णालयाच्या दारापर्यंतचा, की ज्याचा पाय मोडला तो पुन्हा स्वतःच्या पायाने कामावर जाईपर्यंतचा? हा प्रश्न त्या आठवड्यात कोणी विचारला नाही. खरे तर तो एरवीही कोणी विचारत नाही. अपघात, पक्षाघात, भाजणे, कारखान्यात हात सापडणे, या सगळ्यांत आपण मेलेल्यांची मोजणी करतो, जखमींची मोजणी करतो आणि डिस्चार्ज मिळाला की हिशेब बंद करतो. डिस्चार्जनंतर कायमचे लंगडे, थोटे, अंथरुणाला खिळलेले झाले, त्यांची मोजणी कोणाच्या वहीत नाही.

आमच्या वस्तीतल्या एका भावाचे सांगतो. तळेगाव एमआयडीसीत कंत्राटी कामगार. दुसरी पाळी संपवून जुन्या हायवेने घरी येताना गाडीने उडवले. मांडीचे हाड मोडले. महात्मा फुले योजनेत ऑपरेशन झाले, रॉड बसला, एक रुपया लागला नाही. योजनेचे हे श्रेय आम्ही नाकारत नाही. पण आठ महिन्यांनी आम्ही त्याच्या घरी गेलो तेव्हा त्याचा गुडघा अर्ध्यावर येऊन अडत होता. खाली मांडी घालून बसता येत नव्हते, संडासला बसता येत नव्हते, लाईनवर आठ तास उभे राहता येत नव्हते. ठेकेदाराने नाव कधीच काढून टाकले होते. बायको लोणावळ्याला बंगल्यांची साफसफाई करून घर चालवत होती. आम्ही डिस्चार्जचा कागद मागितला. अगदी खाली, इंग्रजीत, घाईघाईत एक ओळ लिहिली होती: फिजिओथेरपीचा सल्ला दिला आहे. कुठे, कोणाकडे, किती दिवस, काय करायचे, काहीच नाही. त्याला ती ओळ वाचता आली नाही आणि कोणी वाचून दाखवलीही नाही. तो म्हणाला, “दादा, हाड जुळलं, पण पाय काही परत आला नाही.”

या एका वाक्यावर आमचा हा सगळा लेख उभा आहे.

फिजिओथेरपी म्हणजे शेक आणि करंट नव्हे

आपल्या लोकांत फिजिओथेरपीला “शेक घ्यायला जाणे” म्हणतात. त्यात लोकांची चूक नाही, कारण सरकारी दवाखान्यात त्यांना तेवढेच मिळालेले असते. एका सार्वजनिक रुग्णालयात आम्ही एका मावशींबरोबर बसलो होतो. खांदा आखडलेला. हात डोक्यापर्यंत जात नव्हता, केस विंचरता येत नव्हते, दोरीवर कपडे टाकता येत नव्हते. खोलीत दोन खाटा, बाहेर बाकावर रांग. मावशींच्या खांद्याला दहा मिनिटे मशीन लावली. “झालं, उद्या या.” हात किती वर जातो हे कोणी मोजले नाही. त्या काय काम करतात हे कोणी विचारले नाही. घरी काय करायचे हे कोणी दाखवले नाही. चौथ्या दिवशी मशीनच बंद होती. त्या दिवशी तर काहीच झाले नाही, कारण तिथे उपचार म्हणजेच मशीन होती.

आम्ही इथे त्या रुग्णालयाचे नाव घेत नाही, कारण दोष त्या खोलीतल्या ताईचा नाही. ती एकटी होती, बाहेर तीस-चाळीस माणसे होती, आणि ती स्वतः कंत्राटावर होती. तिला घाई करायला लावणारी व्यवस्था आमच्या रोखावर आहे.

चांगली फिजिओथेरपी म्हणजे काय, हे आपल्या कार्यकर्त्यांनी समजून घेतले पाहिजे. नाहीतर आपण मागणी करू आणि ते आपल्याला आणखी एक मशीन देऊन गप्प बसवतील.

पहिली गोष्ट, तपासणी. सांधा किती वाकतो, स्नायूत किती ताकद आहे, तोल जातो का, दुखणे कशाने वाढते, हे मोजून लिहायचे असते. दुसरी गोष्ट, ध्येय. आणि ते रुग्णाच्या कामातून ठरले पाहिजे. भात लावणाऱ्या बाईला वाकून उभे राहता आले पाहिजे, हमालाला ओझे उचलता आले पाहिजे, आजीला आधाराशिवाय मोरीपर्यंत जाता आले पाहिजे. तिसरी गोष्ट, व्यायाम आणि हात. थेरपिस्टने स्वतःच्या हाताने सांधा हलवणे, रुग्णाला उभे करणे, चालवणे, चुकले तर दुरुस्त करणे. मशीनचा शेक हा त्यातला छोटा मदतनीस आहे, मुख्य उपचार नव्हे. चौथी गोष्ट, घरी करायचे काम, जे रुग्णाला आणि घरच्यांना करून दाखवावे लागते. आणि पाचवी गोष्ट, वेळ. मांडीच्या हाडाच्या ऑपरेशननंतर गुडघा हलवायला पहिल्या काही दिवसांतच सुरुवात करायची असते. पक्षाघातानंतर सुधारणेचा मोठा वाटा पहिल्या काही महिन्यांत मिळतो. हाताची शीर किंवा बोटाचा स्नायुबंध जोडल्यावर तर सुरुवातीचे आठवडेच ठरवतात की मूठ वळणार की नाही. हे दिवस गेले की ते कितीही पैसे टाकून परत येत नाहीत.

पक्षाघात झालेल्या माणसाला उठवताना आपण त्याचा लुळा हात धरून ओढतो. प्रेमापोटीच ओढतो. पण त्या हाताचा खांदा सैल झालेला असतो, ओढल्याने तो निखळतो आणि आयुष्यभर दुखतो. अंथरुणाला खिळलेल्या आजीची कूस दर दोन तासांनी बदलली नाही तर पाठीला जखमा होतात आणि त्या जखमांनीच ती जाते. हे सांगायला दहा मिनिटे लागतात. ही दहा मिनिटे ज्या रुग्णालयात मिळत नाहीत, तिथे फिजिओथेरपी विभागाची पाटी असली काय आणि नसली काय!

कोणाचे शरीर दुरुस्त करण्यालायक?

पुणे जिल्ह्याला पुनर्वसनाचा इतिहास नाही असे नाही. पहिल्या महायुद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांसाठी १९१७ साली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट उभे राहिले, ते आज खडकीला आहे. १९४४ साली, दुसरे महायुद्ध चालू असताना, पुण्यात लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्र सुरू झाले. सैनिकाचा पाय गेला तर त्याला परत उभे करणे ही आपली जबाबदारी आहे, हे शासनाने शंभर वर्षांपूर्वी मान्य केले. योग्यच केले. पण मग त्याच जिल्ह्यात प्रेस मशीनखाली ज्याची बोटे गेली त्या कामगाराचे काय? गटारात उतरून ज्याची पाठ गेली त्याचे काय? देश काय फक्त सीमेवरच उभा असतो?

नागरी क्षेत्रात हे शास्त्र आपल्याकडे आले तेही सहज आले नाही. मुंबईत पोलिओची साथ होती. स्वतःच्या मुलीला पोलिओ झाल्यावर फातिमा इस्माईल या बाई पेटून उठल्या आणि १९४७ साली त्यांनी पोलिओग्रस्त मुलांसाठी दवाखाना सुरू केला. पुढे १९५३ च्या सुमारास जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने केईएम रुग्णालयात देशातली पहिली फिजिओथेरपीची शाळा निघाली, आणि १९५५ साली हाजीअलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आली. एका आईने हट्ट धरला, साथीने सरकारला हलवले, तेव्हा कुठे हे घडले. गरिबाच्या शरीराची काळजी शासनाला आपणहून वाटली, असे या इतिहासात कुठे दिसत नाही.

आज मावळात काय आहे ते पाहा. लोणावळ्यात नौदलाचे आयएनएचएस कस्तुरी रुग्णालय आहे. १९२४ पासून कैवल्यधाम आहे. तळेगावात मायमरचे वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्याच संस्थेचे फिजिओथेरपीचे महाविद्यालय आहे. खंडाळ्यापासून पवना धरणापर्यंत रिसॉर्ट आहेत आणि त्यांत स्पा आहेत. शहरातून शनिवार-रविवारी येणाऱ्याची पाठ इथे चोळून मिळते. त्याची चादर बदलणाऱ्या, त्याची खोली पुसणाऱ्या बाईची पाठ गेली तर मात्र तिला पिंपरीच्या वायसीएमला किंवा पुण्याच्या ससूनला जा म्हणतात. लोणावळा ते पुणे लोकलने ६४ किलोमीटर. मोडलेल्या पायाने. आठवड्यातून तीनदा. आणि हे लोणावळ्याचे झाले. आंदर मावळात खांडी-सावळ्याच्या कातकरी, ठाकर, महादेव कोळी वस्तीतल्या माणसाला आधी टाकव्यापर्यंत, मग कान्हे-कामशेतपर्यंत यायचे असते. तो काय फिजिओथेरपी घेणार?

“यात जात कुठून आणली?”

आम्ही हा विषय काढला की काही मित्र हमखास विचारतात, दवाखान्याच्या प्रश्नात जात कशाला? त्यांच्यासाठी सरकारचाच आकडा देतो. २०११ च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लाख लोक दिव्यांग होते, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के. अनुसूचित जातींत हे प्रमाण २.४५ टक्के होते. अनुसूचित जाती-जमाती सोडून इतरांत ते २.१८ टक्के होते. अपंगत्वाला जात कळत नसती तर हा फरक दिसला नसता. जो वर्ग ओझी वाहतो, बांधकामावर चढतो, मशीनवर बारा तास उभा राहतो, दुचाकीवरून रात्री घरी येतो, त्याचे हाडामांसाचे शरीर हेच भांडवल असते. वकिलाचा गुडघा आखडला तर त्याची वकिली चालू राहते. पाथरवटाचा गुडघा आखडला तर घराची चूल विझते. म्हणून फिजिओथेरपी श्रीमंतासाठी सोय असेल, पण श्रमिकासाठी ती रोजगार हमी आहे.

दुसरे, स्पर्श. फिजिओथेरपी हा हाताने करायचा उपचार आहे. दुसऱ्याचे घामेजलेले, जखमी, दुर्गंधी येणारे शरीर जवळ घेऊन त्याला उभे करायचे असते. आणि आपला समाज तर हजारो वर्षे स्पर्शाच्या विटाळावर उभा आहे. संविधानाच्या कलम १७ ने अस्पृश्यता संपवली, पण कोणाच्या अंगाला किती वेळ हात लावायचा याचा हिशेब संपला का? आमचा आरोप असा नाही की प्रत्येक थेरपिस्ट जात पाहतो. आमचे म्हणणे इतकेच आहे की झोपडपट्टीतल्या माणसाच्या वाट्याला मशीन आणि पैसेवाल्याच्या वाट्याला हात येतो, तेव्हा तो फरक काय आहे हे तपासून पाहायची हिंमत ठेवा.

तिसरे, रुग्णालयाच्या आतली उतरंड. बाबासाहेबांनी जिला श्रेणीबद्ध विषमता म्हटले, ती पाहायची असेल तर कुठल्याही मोठ्या रुग्णालयात दिवसभर बसा. वर सर्जन, मग फिजिशियन, मग निवासी डॉक्टर, मग नर्स, मग फिजिओथेरपिस्ट, मग वॉर्डबॉय, मग मामा-मावशी, आणि सगळ्यात खाली सफाई कर्मचारी. ज्ञान खालून वर जात नाही. ८ सप्टेंबर हा जागतिक फिजिओथेरपी दिन. २०२५ मध्ये त्याच्या दुसऱ्याच दिवशी केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाचे पत्र निघाले की फिजिओथेरपिस्टांनी नावापुढे “डॉक्टर” लावू नये. एका दिवसात ते पत्र मागेही घेतले गेले. त्या वादात दोन्हीकडून पुष्कळ शाई सांडली. पण नावापुढे काय लावायचे यावर भांडणाऱ्यांपैकी किती जणांनी विचारले की ग्रामीण रुग्णालयात हे पद भरले आहे का? रुग्णाला उपाधीशी देणेघेणे नाही. त्याला गुडघा वाकवून हवा आहे.

कायदा आहे, अंमल नाही

कोणी म्हणेल, या मागण्या अवास्तव आहेत. मग कायदा काय म्हणतो ते वाचा.

संविधानाचे कलम ४१ आजारपणात आणि अपंगत्वात शासकीय साहाय्य देण्याचे निर्देश देते. कलम ४७ सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य सांगते. १९९६ साली पश्चिम बंगालमधल्या एका शेतमजूर संघटनेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सरकारी रुग्णालयाने वेळेवर उपचार न देणे हा कलम २१ चा, जगण्याच्या हक्काचा भंग आहे. जगण्याचा हक्क म्हणजे केवळ श्वास चालू राहण्याचा हक्क नव्हे, हेही न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम २५ मध्ये उत्पन्नाच्या मर्यादेत राहून, विशेषतः ग्रामीण भागात, घराजवळ मोफत आरोग्यसेवा देण्याची तरतूद आहे. कलम २७ शासन आणि स्थानिक संस्थांना पुनर्वसनाच्या सेवा उभारायला सांगते. २०१०-११ पासून वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. त्यात ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीवर आठवड्यातून दोनदा वृद्धांची ओपीडी आणि अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जाणारा पुनर्वसन कार्यकर्ता आहे. कागदावर आहे. आपल्या गावात तो कोणी पाहिला आहे का, हे आपापल्या आजीला विचारा. फिजिओथेरपिस्टांची नोंदणी करणारी राज्य परिषद महाराष्ट्रात कायद्याने आहे. २०२१ साली केंद्राने संलग्न आरोग्य व्यावसायिकांचा स्वतंत्र कायदा केला. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. म्हणजे कायदा आहे, परिषद आहे, मोफतही आहे. फक्त खोलीत माणूस नाही, आणि माणूस असला तर त्याला वेळ नाही.

विमा योजनांची रचनाही पाहा. त्यांचे सारे गणित दाखल होण्याभोवती फिरते. पंतप्रधान जनआरोग्य योजनेत डिस्चार्जनंतरचा खर्च १५ दिवसांपुरता धरला आहे. पक्षाघाताचा माणूस १५ दिवसांत चालायला लागतो का? लाखभराचे ऑपरेशन सरकार देते आणि त्या ऑपरेशनचा उपयोग होण्यासाठी लागणारे तीन महिने देत नाही. विहीर खोदायची आणि दोर द्यायचा नाही, असा हा कारभार आहे.

कामगारांसाठी तर बाबासाहेबांनीच पाया घातला होता. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य होते. त्याच काळात प्रा. अडारकरांकडे कामगारांच्या आरोग्य विम्याचे काम सोपवले गेले, १९४४ मध्ये अहवाल आला आणि त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. आज २१ हजारांपर्यंत पगार असणाऱ्याच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात, मालक ३.२५ टक्के भरतो, आणि कंत्राटी कामगारही त्यात येतो. कामावर जायबंदी झाल्यास काम करता येत नाही त्या काळासाठी पगाराच्या ९० टक्के भरपाई मिळते. आमच्या त्या भावाकडे ईएसआयचे कार्ड नव्हते. ठेकेदाराने पैसे कापले की नाही हेही त्याला माहीत नव्हते. तळेगाव, नवलाख उंबरे, चाकणला कामाला जाणाऱ्या आपल्या किती पोरांना माहीत आहे?

तीन उत्तरे आणि आमची प्रत्युत्तरे

पहिले उत्तर मिळते, “आधी डॉक्टरच नाहीत, फिजिओथेरपिस्ट कुठून आणू?” अहो, बारावीनंतर साडेचार वर्षे शिकून बाहेर पडलेली मुले-मुली खासगी दवाखान्यांत तुटपुंज्या पगारावर राबत आहेत. त्यांत आपलीही मुले आहेत. माणसे आहेत, पदे नाहीत. पदे आहेत तिथे ती कंत्राटी आहेत, आणि वर्षभरात जाणारा माणूस विभाग उभा करत नाही.

दुसरे उत्तर, “लोकच येत नाहीत, दोन दिवस येतात आणि सोडून देतात.” हिशेब करू. खासगीत समजा एका वेळेचे तीनशे रुपये. वीस वेळा म्हणजे सहा हजार. त्यात रिक्षा, आणि सोबत येणाऱ्याचा बुडालेला रोज. सरकारीत फी नाही, पण प्रवास आणि रोज आहेच, आणि तिथे पोचल्यावर दहा मिनिटांचा शेक. ज्याच्यातून फरक दिसत नाही त्यासाठी गरीब माणूस रोज का बुडवेल? तो अडाणी नाही, तो हिशेबी आहे. चालणारा उपचार द्या, गावाजवळ द्या, मग लोक येतात की नाही ते पाहा.

तिसरे उत्तर, “निधी नाही.” हे तर साफ खोटे. ग्रामपंचायत आणि नगरपरिषदेला स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करावा लागतो. मागासवर्गीयांसाठीचा १५ टक्के निधी वेगळाच. आपल्याकडे हा निधी कसा जातो? वर्षाच्या शेवटी थोडे पैसे खात्यावर, एक कार्यक्रम, एक फोटो. त्याच निधीतून दोन-चार ग्रामपंचायतींनी मिळून आठवड्यातून दोन दिवस फिजिओथेरपिस्ट का बोलावू नये? पर्यटनावर चालणाऱ्या लोणावळा-खंडाळ्याच्या परिसरात पैसा नाही, यावर कोण विश्वास ठेवेल?

आता थोडे आपल्या घरात

बांधवांनो, दुसऱ्याकडे बोट दाखवून झाले. आता आपल्याकडे पाहू. १४ एप्रिलला आपण रक्तदान करतो, ते चांगलेच आहे. पण बाटली दिली, फोटो काढला, की आरोग्याचे काम संपले असे आपण मानतो. डीजेवर जितका पैसा जातो त्याच्या चौथ्या भागात एका वस्तीतल्या सगळ्या पक्षाघाताच्या रुग्णांची तपासणी होईल. रुग्णालयाला बाबासाहेबांचे नाव द्या म्हणून आपण मोर्चे काढतो. नाव दिले गेले, पाटी लागली, की आत काय चालते ते पाहायला आपण जात नाही. ही आपली चूक आहे आणि ती आम्हीही केली आहे.

आपण मावळचे आहोत. कार्ले, भाजे, बेडसे आपल्या उशाला आहेत. मावळच्या उंबरठ्यावरच्या देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी स्वतःच्या हाताने बुद्धमूर्ती बसवली. तळेगावात त्यांचे घर आहे. शेवटच्या वर्षांत मधुमेहाने आणि पायांच्या दुखण्याने ते किती त्रासले होते, काठी आणि सहकाऱ्यांच्या खांद्याच्या आधाराने कसे चालत होते, हे आपण वाचले आहे. ज्याच्या पायांत चालायचे बळ उरले नव्हते त्या माणसाने लाखोंना उभे केले, असे भाषणात आपण म्हणतो. मग आपल्या शेजारी जो खाटेवर पडला आहे, त्याला उभे करायला आपण काय केले?

विनयपिटकातल्या महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी भिक्खू स्वतःच्या घाणीत पडला होता आणि बाकीचे भिक्खू त्याच्याकडे पाहत नव्हते. बुद्धाने आनंदाला पाणी आणायला लावले, दोघांनी मिळून त्याला धुतले, बुद्धाने डोक्याकडून आणि आनंदाने पायांकडून धरून त्याला खाटेवर ठेवले. आपण हा प्रसंग करुणेचा म्हणून सांगतो. पण पुढे बुद्धाने जे केले ते आपण सांगत नाही. त्याने ते कोणाच्या दयेवर सोडले नाही, नियम केला. आजाऱ्याची सेवा कोणी करायची हे क्रमाने ठरवून दिले, आणि कोणीच नसेल तर ती संघाची जबाबदारी, न केल्यास तो दोष, असे सांगितले. सेवा करणाऱ्याच्या अंगी काय गुण हवेत, तेही सांगितले. अडीच हजार वर्षांपूर्वी आरोग्यसेवेचे मानक आणि उत्तरदायित्व ठरवणारा आपला शास्ता आहे. आपण सरकारकडे भीक मागत नाही. जबाबदारी कोणाची हे ठरवून मागतो आहोत.

मागायचे काय, करायचे काय

आमच्या मागण्या साध्या आहेत.

१. मावळातल्या प्रत्येक ग्रामीण, उपजिल्हा आणि नगरपरिषदेच्या रुग्णालयात फिजिओथेरपिस्टचे कायम पद आणि ते भरलेले.

२. प्रत्येक नव्या रुग्णाची लेखी तपासणी आणि त्याच्या कामाशी जोडलेले ध्येय. दर काही आठवड्यांनी पुन्हा मोजमाप. किती मशीन लावल्या याचा अहवाल नको, किती जण कामावर परतले याचा हवा.

३. हाड, मेंदू, भाजणे यांच्या रुग्णाला वॉर्डातच पहिला व्यायाम दाखवल्याशिवाय आणि चित्रांसह मराठी कागद, पुढची तारीख, जवळचे ठिकाण लिहून दिल्याशिवाय डिस्चार्ज नको.

४. टाकवे, कामशेत, कार्ला, पवनानगर इथे आठवड्यातून ठरलेला एक दिवस फिजिओथेरपी. अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी भेट, आणि आशाताईंना त्याचे प्रशिक्षण व त्या कामाचा वेगळा मोबदला.

५. योजनेच्या पॅकेजमध्ये ऑपरेशननंतरच्या फिजिओथेरपीचे किमान तीन महिने.

आणि हे मागण्यासाठी आपल्याला काय करायचे? आपल्या प्रत्येक मंडळातून दोन जण निवडा. वस्तीत घरोघर जाऊन गेल्या दोन वर्षांत कोण जायबंदी झाले, कोणाला पक्षाघात झाला, कोणाला फिजिओथेरपी मिळाली आणि आज तो काय करू शकतो, याची वही करा. नाव बाहेर फोडू नका, आकडा बाहेर आणा. माहिती अधिकारात चार प्रश्न टाका: मंजूर पदे किती आणि भरलेली किती, गेल्या वर्षी नवे रुग्ण किती आणि पुन्हा आलेले किती, यंत्रे किती आणि चालू किती, ५ टक्के निधी तीन वर्षांत कशावर खर्च झाला. तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. ते उत्तर घेऊन ग्रामसभेत उभे राहा, रुग्ण कल्याण समितीत जागा मागा. आणि आपल्यातले जे फिजिओथेरपी शिकले आहेत त्यांना महिन्यातून एक रविवार मागा. आजीची कूस कशी बदलायची, लुळ्या हाताला कसे धरायचे, हे विहारात शिकवायला दुसरी कुठली परवानगी लागते?

जागतिक आरोग्य संघटना सांगते की जगात २४० कोटी लोकांना पुनर्वसनाच्या उपचाराचा फायदा होऊ शकतो, आणि अनेक गरीब देशांत निम्म्याहून अधिक गरजूंपर्यंत तो पोचतच नाही. इतका मोठा आकडा ऐकून माणूस हताश होतो. आपण आपल्या वस्तीपासून सुरुवात करू.

आमच्या त्या भावाला आम्ही उशिरा का होईना एका थेरपिस्ट ताईकडे नेले. तिने पहिल्या दिवशी मशीन लावली नाही. विचारले, “कामावर काय करायला लागायचं?” आणि मग गुडघ्यावर हात ठेवला. आज तो काठीशिवाय चालतो. खाली बसणे अजून जमत नाही आणि कदाचित जमणारही नाही, कारण आठ महिने वाया गेले. ते आठ महिने त्याने घालवले नाहीत, व्यवस्थेने घालवले. आणि आपण शेजारी असून आपल्याला कळले नाही, म्हणून थोडे आपणही.

पुढच्याचे आठ महिने वाया जाऊ द्यायचे नाहीत, एवढे ठरवू.

जय भीम! नमो बुद्धाय!